हातचा

क्लांगच्या या कारखान्यात सगळ्यांत आधी हातच दिसतात.
चिनीमातीचे, पांढरे, मनगटापाशी संपलेले,
साखळीला उलटे टांगलेले.
रबराच्या चिकात बुडतात, निथळतात,
भट्टीत जातात, हातमोजा उतरवून
पुन्हा उघडे होऊन येतात.
"तासाला बत्तीस हजार," मिस्टर येओह म्हणाले.
मी लिहून घेतलं.
लिहून घेणं हेच माझं काम.

वर्षातून एकदा येते मी, तीन आठवडे आधी कळवून.
कळवून आलेल्या पाहुण्याला
कुणाचं घर पसरलेलं दिसलंय?
आगीच्या दाराबाहेरची पिवळी पट्टी
इतकी ताजी की बुटाला चिकटली.
प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री
अजून किमतीच्या चिठ्ठीसकट.
तक्रारपेटीवर चार भाषा आणि एक हसरा चेहरा.
किल्ली कुणाकडे, विचारलं
तर मिस्टर येओहनी मॅनेजरकडे पाहिलं,
मॅनेजरनं छताकडे.

मुलाखतीसाठी दहा जण मीच निवडले.
म्हणजे यादीतून.
यादी त्यांची.

नववा टेकेंद्र घर्ती, रोल्पाचा, भट्टीवरचा,
भुवया झळेनं विरळ झालेल्या.
मोडक्या मलायमध्ये त्यानं पाढा म्हणावा तशी उत्तरं दिली:
ओव्हरटाइम खुशीनं, रविवारी सुट्टी, जेवण चांगलं,
एजंटला एक रुपया दिला नाही.
एजंटचं मी अजून विचारलंच नव्हतं.

"पासपोर्ट कुणाजवळ असतो?"
"माझ्याजवळ, मॅडम."
आणि पाढ्यात नसलेली एक गोष्ट त्यानं केली.
खिशात हात घालून तो काढला,
उघडला, दोन्ही हातांनी पुढे धरला,
गणित बरोबर आलेली पाटी
बाईंना दाखवावी तसा.

फोटोतला माणूस दुसराच होता.
रुंद कपाळ, मिशी. नाव खुमबहादुर पुन.

काल रात्री घाईघाईनं वाटले असणार, अंगठे घेत.
यानं आत पाहिलंच नसणार.
तीन वर्षं न दिसलेली वस्तू हाती आली
की माणूस आधी तिचं वजन बघतो.

मी नावावर बोट ठेवलं.
तो बराच वेळ वाचत राहिला, एवढ्याशा नावाला.
"हा खुम," म्हणाला. "माझ्या खालच्या बंकवर असायचा.
चैतात गेला."
"कुठे गेला? पासपोर्ट ठेवून?"
त्यानं काचेपलीकडे पाहिलं.
साखळी चालली होती.
गेला या शब्दाला दोन अर्थ आहेत,
आणि दोन्हींत तो इथे नव्हता.

माझ्या तक्त्यात सात पूर्णांक चार असं कलम आहे:
कामगाराजवळ पासपोर्ट आहे का?
हो. नाही.
कुणाचा, असा रकाना नाही.

नाही लिहिलं तर युरोपातलं गिऱ्हाईक
तीन महिन्यांत दुसरा कारखाना शोधतं;
गावी सावकाराचे दोन लाख चाळीस हजार
मात्र टेकेंद्रलाच शोधतात.
हो लिहिलं तर पुढच्या वर्षी मी पुन्हा येते,
पट्टी पुन्हा ओली असते.
हे मी अकरा वर्षं जाणते. जाणून जेवते, झोपते.

"पाच वाजता परत द्यायचाय, मॅडम,
हरवला तर पगारातून कापतात," तो म्हणाला,
आणि दुसऱ्याचं ते पुस्तक
स्वतःच्या छातीच्या खिशात नीट ठेवून दिलं.
बटण लावलं.

शाळेत बेरीज करताना
हातचा विसरू नये म्हणून
आम्ही तो वरच्या कोपऱ्यात बारीक लिहायचो.
तसा मी खुमचा नंबर लिहिला,
कागदाच्या कडेला, जिथे स्कॅन पोचत नाही.

अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे.
आज गुरुवार. दारात बूट आहेत,
एका तळव्यावर पिवळा डाग.
घासला. जात नाही.
बेरीज अजून तशीच आहे,
हातचा एक.